गाणी कुणाच्या वयाची?

'मम्मा मिया!' हा सिनेमा माझ्या फार आवडीचा. माझ्या भाच्याला तो मुळीच सहन होत नाही. तो ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, दिवसभर कानाला हेडफोन लावून मिक्सिंग करतो, आणि ॲबा या स्वीडिश बँडची गाणी त्याला माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईनं ठाऊक आहेत. त्याचा राग वरवरचा नाही, म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. गेल्या सुट्टीत आम्ही दोघांनी शेजारी बसून तो सिनेमा पूर्ण पाहिला आणि मग रात्री उशिरापर्यंत भांडलो. त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथं लिहिते आहे. त्याची बाजू कुठंही सौम्य केलेली नाही.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात : कालोकैरी नावाचं एक काल्पनिक ग्रीक बेट. तिथं डोना एकटीच्या जिवावर एक पडकं हॉटेल चालवते. तिची वीस वर्षांची मुलगी सोफी लग्न करते आहे. बाप कोण, हे सोफीला माहीत नाही. आईची जुनी डायरी तिच्या हाती लागते, त्यात तीन पुरुषांची नावं सापडतात, आणि ती आईला न सांगता तिघांनाही लग्नाचं आमंत्रण धाडते. पात्रं गातात ती सगळी गाणी ॲबाची, आधीच जगभर गाजलेली.

भाचा : मावशी, आधी एवढं सांग, या गोष्टीला गाणी हवी होती की गाण्यांना गोष्ट? मला वाटतं दोघांनाही एकमेकांची गरज नव्हती. ही गाणी 1972 ते 1982 या काळात झाली, एकेक आपापल्या जागी पूर्ण. पुढं कुणीतरी त्यांची यादी समोर घेतली आणि कुठलं गाणं कुठं बसेल ते बघत कथानक रचलं. शिंप्यानं कापडाच्या मापानं माणूस कापावा तसा हा प्रकार आहे.

मी : अरे, यादीपासून सुरुवात झालीच नाही. निर्माती ज्युडी क्रेमर 'चेस' या संगीतिकेच्या वेळी ॲबाच्या ब्यॉर्न आणि बेनीबरोबर काम करत होती. 'द विनर टेक्स इट ऑल' या एका गाण्यात तिला अख्खं नाटक दिसलं, आणि त्याच्यामागे ती कितीतरी वर्षं लागली. कॅथरीन जॉन्सननं नाटक लिहिलं, फिलिडा लॉइडनं बसवलं. 6 एप्रिल 1999 रोजी लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, 6 एप्रिल 1974 ला, ब्रायटनमध्ये 'वॉटर्लू' गाऊन ॲबानं युरोव्हिजन जिंकलं होतं. पुढं 2008 साली सिनेमाही लॉइडनंच केला. निर्माती बाई, लेखिका बाई, दिग्दर्शिका बाई. पुरुषांनी लिहिलेली गाणी त्यांनी मागून घेतली आणि एका आईच्या तोंडी घातली. मला हे कापड बेतणं वाटत नाही.

भाचा : बरं झालं तूच त्या गाण्याचं नाव काढलंस. ब्यॉर्न आणि ॲबाची गायिका अग्नेथा यांचा संसार मोडला. त्यानंतर 1980 मध्ये त्यानं हे गाणं लिहिलं आणि गायला तिच्याच हाती दिलं. ती गाते तेव्हा आवाज कुठंही चढवून रडवा करत नाही, जवळजवळ निकाल वाचून दाखवते. हरलेल्या माणसाचं गाणं आहे ते. आता सिनेमात बघ. डोना टेकडीच्या वाटेवर, लाल ओढणी वाऱ्यावर उडते आहे, समोर तिचा जुना प्रियकर सॅम. ती सगळं गाणं त्याच्या तोंडावर फेकते, वर चॅपेलकडे पळत जाते, आणि थोड्याच वेळात त्याच माणसाशी लग्न लावते! मग हरलं कोण? ज्या गाण्यातून सुटका नाही, त्याला तुमच्या सिनेमानं सुटका देऊन टाकली.

मी : ब्यॉर्न स्वतः अनेकदा सांगत आला आहे की ती गोष्ट जशीच्या तशी त्यांची नाही, त्यांच्यात कुणी जिंकलं नव्हतं. म्हणजे पात्र कल्पून लिहिलेलंच गाणं ते. मग दुसऱ्या एका कल्पित बाईनं ते गायलं तर बिघडलं काय? आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. डोना झालेल्या मेरिल स्ट्रीपचा जन्म जून 1949 चा, अग्नेथाचा एप्रिल 1950 चा. दोघी एकाच वयाच्या. अग्नेथा तिशीत हे गाणं गायली तेव्हा जखम ओली होती. स्ट्रीप अठ्ठावन्नाच्या घरात गाते तेव्हा वीस वर्षं झाकून ठेवलेली जखम उघडते आहे. तिचा राग शिळा आहे, आणि शिळ्या रागाला जो एक कडवटपणा येतो तो तिच्या आवाजात आहे. आपल्या ओळखीतल्या किती बायकांमध्ये मी तो ऐकला आहे! तिशीच्या गायिकेला तो कसा आणता येणार?

भाचा : वयाचं म्हणतेस तर हिशेब तरी नीट करायचा. सोफी वीस वर्षांची, म्हणजे डोनाचा तो उनाड उन्हाळा तिच्या अडतिशीत झाला? आणि जुन्या फोटोंमध्ये ते तिघे पुरुष हिप्पी दिसतात.

मी : तो हिशेब चुकलेलाच आहे. नाटकाच्या वेळी बसत होता, सिनेमाला बसला नाही. त्यावर मी वाद घालणार नाही.

भाचा : मग माझ्या कामाचं बोलू. ॲबाचं गाणं म्हणजे नुसती चाल आणि शब्द नाहीत. मायकेल ट्रेटो हा त्यांचा ध्वनिमुद्रक. 'रिंग रिंग'च्या वेळेपासून, म्हणजे 1973 पासून, तो टेपचा वेग किंचित बदलून तेच वाद्य पुन्हा वाजवून घ्यायचा. दोन ट्रॅक एकमेकांवर बसवले की सुरांत केसाएवढा फरक राहतो, आणि त्या फरकामुळे सगळं झळाळायला लागतं. त्यावर अग्नेथा आणि ॲबाची दुसरी गायिका फ्रिडा यांचे आवाज थरावर थर. अग्नेथाचा वरचा, फ्रिडाचा थोडा खालचा आणि दाट. दोन बायका गातात आणि कानाला तिसरीच कुणीतरी ऐकू येते. ही तिसरी बाई म्हणजे ॲबा. ती स्टुडिओतच जन्मते, कुठल्या बेटावर धावत-पळत गाऊन ती सापडत नाही. त्यात सॅम झालेला पिअर्स ब्रॉस्नन 'एसओएस' म्हणणार! त्या वर्षीचा सगळ्यात वाईट सहायक अभिनेत्याचा गोल्डन रास्पबेरी त्याला मिळाला, तो काही उगाच नाही.

मी : त्या तिसऱ्या बाईबद्दल तू जे म्हणालास ते मी विसरणार नाही. पण 'एसओएस'चं ऐक. सॅम आर्किटेक्ट आहे, गायक नाही. वीस वर्षांनी तो या बाईसमोर उभा आहे आणि त्याला बोलता येत नाही. त्याचा गळा फाटतो, सूर निसटतो, मान ताठ होते. मला तिथं तो माणूस खरा वाटतो.

भाचा : पात्राचा गळा दाटणं वेगळं आणि नटाला गाता न येणं वेगळं. आणि खरा घोळ याच्याही आधीचा आहे. बेनीनं सिनेमासाठी संगीत नव्यानं मुद्रित केलं, ॲबाच्या काळातले काही वादकही बोलावले. म्हणजे मांडणी जवळजवळ जुनीच ठेवली. मागं तोच पियानो, तीच बेसची चाल, आणि पुढं नवखा गळा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ रेकॉर्ड वाजत असतेच, त्यामुळे नट प्रत्येक ओळीला तिच्याशी शर्यत लावतो आणि हरतो. यापेक्षा 'अक्रॉस द युनिव्हर्स' बघ, ज्युली टेमोरचा, 2007 चा. बीटल्सची गाणी घेतली, पण मांडणी मोडली. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' हे उड्या मारणारं गाणं. तिथं ते एकदम संथ केलंय आणि एक मुलगी दुसऱ्या मुलीकडे लांबून बघत गाते, जिला ती कधीच सांगू शकणार नाही. एका क्षणात गाण्याचा अर्थ पालटतो. गोष्टीसाठी जुनं गाणं घ्यायचं तर एवढी हिंमत पाहिजे.

मी : तो प्रसंग फार सुंदर आहे, वादच नाही. पण तिथं मी प्रेक्षक असते. 'मम्मा मिया!'त मांडणी जुनी ठेवली म्हणूनच मला गाता येतं. तो सिनेमा आला त्याच वर्षी प्रेक्षकांनी सोबत गायची आवृत्तीही चित्रपटगृहांत लागली. ब्रिटनमध्ये त्यानं कमाईत 'टायटॅनिक'ला मागं टाकलं, ते काही कथेतल्या रहस्यासाठी नाही. लोक पुन्हा पुन्हा गेले ते गायला गेले. चाल आणि ताल बदलला असता तर त्यांना तोंड मिटून बसावं लागलं असतं. आपल्याकडे हे नवं आहे का? 1911 च्या 'मानापमान' नाटकासाठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदं लिहिली. चाल आधीची, प्रसंग नवा.

भाचा : मावशी, तिथं शब्द नवे होते! नाटकातल्या धैर्यधर आणि भामिनी यांच्यासाठीच लिहिलेले. इथं शब्दही जुनेच, त्यांना हात लावायची सोय नाही. म्हणून माणसांना शब्दांच्या मागं फरपटत जावं लागतं. चाल उचलण्याला माझा विरोध नाहीच. संगीतकार पंचमदांनी 1977 च्या 'हम किसीसे कम नहीं'मधल्या गाण्यांच्या माळेत 'मम्मा मिया'चीच सुरावट घेतली, आणि तू ॲबाचं नाव ऐकायच्या आधी त्या सुरावटीवर नाचली असशील. पण त्यांनी तिचं वेगळं गाणं केलं.

मी : नाचलेच होते, गणपतीत. आणि शब्दांना हात लावता येत नाही हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण त्यामुळे कधी कधी शब्दांत आधीपासून असलेलं काहीतरी वर येतं. 'डान्सिंग क्वीन' घे. सगळे म्हणतात, सतरा वर्षांच्या मुलीचं गाणं. पण गाते कोण? ती मुलगी स्वतः गात नाही. दुसरं कुणीतरी तिला नाचताना बघतंय आणि तिच्याशी बोलतंय. 1976 पासून आपण ते ऐकतोय आणि बघणारं माणूस कोण, कुठल्या वयाचं, हे कधी विचारलं नाही. सिनेमा ते विचारतो. डोना पलंगावर कोसळली आहे, थकलेली, कर्जात बुडालेली. तिच्या दोन मैत्रिणी, टान्या आणि रोझी, तिला उठवतात. सतरा वर्षांची ती मुलगी म्हणजे कधीकाळची डोना, आणि गाणाऱ्या तिच्या मैत्रिणी, ज्यांनी तिला तेव्हा पाहिलेलं आहे. मग त्या पलंगावर उड्या मारतात, खिडक्या उघडतात, बाहेर पळतात. वाटेवरच्या बायका हातातलं काम टाकून मागं लागतात. कुणी स्वयंपाकातून, कुणी पाठीवरचं ओझं फेकून. त्यात म्हाताऱ्या आहेत, जाड्या आहेत, एप्रन बांधलेल्या आहेत. सगळ्या धक्क्यापर्यंत नाचत जातात आणि डोना समुद्रात उडी घेते. तिथं पियानो वाजवणारा दाढीवाला दिसतो ना, तो खुद्द बेनी. आजवर या गाण्याची चित्रं म्हणजे दिवे, चकचकीत कपडे, तरुण शरीरं. हे गाणं बघणारीचं आहे, हे मला या बायकांनी दाखवलं.

भाचा : (थोडा वेळ थांबून) गाणं बघणारीचं आहे, हे मान्य. हे मूळ रेकॉर्डमध्येही आहे. त्या गाण्यात आनंद आहे पण सगळा आनंद जरा लांबून ऐकू येतो, ते यामुळेच असेल. पण मावशी, त्या ग्रीक बायकांमधली एक तरी तुला नावानं आठवते का?

मी : नाही.

भाचा : मग? डोनाला नाव आहे, टान्याला आहे, रोझीला आहे. सगळ्या बाहेरून आलेल्या. बेटावरच्या बायका फक्त कोरस. अख्ख्या सिनेमात ग्रीस म्हणजे निळं पाणी, पांढऱ्या भिंती आणि मागं नाचणारी माणसं. स्कोपेलोस बेटावरचं ते खडकावरचं आयियोस योआनिस चॅपेल, 200 च्या आसपास पायऱ्या चढून जावं लागतं तिथं. आता परदेशातली जोडपी लग्नासाठी येतात. त्या बेटावरच्या माणसाचं गाणं मात्र सिनेमात कुठंच नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. हा सिनेमाचा दोष आहे आणि तो लहान नाही.

भाचा : अजून एक. 'व्हेन ऑल इज सेड अँड डन'. नाटकात हे गाणं नव्हतं, सिनेमात मुद्दाम आणलं. बेनी आणि फ्रिडा वेगळे झाले त्या सुमाराचं, 1981 चं. फ्रिडा गायली आहे. दोन शहाणी माणसं भांडण न करता नातं संपवताहेत. आणि सिनेमात ते कुठं? लग्नाच्या पंगतीत, नवरदेव झालेला सॅम डोनाला गाऊन दाखवतो!

मी : तिथं तुझं शंभर टक्के खरं. ते मलाही खुपतं. संपण्याचं गाणं सुरुवातीला लावलं, कारण सूर गोड आहे. बेतून कापल्याचं तू म्हणालास ना, ते या एका ठिकाणी मला दिसतं.

भाचा : एकाच?

मी : दोन-तीन असतील. पण फ्रिडाचं नाव निघालं म्हणून सांगते. तिचा जन्म 1945 चा, नॉर्वेतला. आई नॉर्वेजियन, बाप जर्मन सैनिक. युद्ध संपलं आणि अशा मुलांच्या वाट्याला तिथं तिरस्कार आला. आजीनं तिला स्वीडनला आणलं. ती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा आई गेली. बाप युद्धात मेला असंच तिला सांगितलेलं होतं. 1977 मध्ये, ॲबा कीर्तीच्या शिखरावर असताना, एका जर्मन नियतकालिकात तिची हकीकत छापून आली, तिच्या सावत्र भावानं ती वाचली, आणि बाप जिवंत असल्याचं उघड झालं. तिशी उलटल्यावर ती त्याला पहिल्यांदा भेटली. आता सोफीकडे बघ. आईच्या डायरीत बाप शोधणारी मुलगी. हा धागा जॉन्सननं जाणून घेतला असेल असं मी म्हणत नाही. बाप कोण ते ठाऊक नाही आणि उमेदवार तीन, ही कल्पना 1968 च्या एका सिनेमातही होती. पण ही गाणी ज्या गळ्यातून आली, त्यातल्या एका गळ्याला बाप नसण्याची चव माहीत होती.

भाचा : म्हणूनच मला शेवट पटत नाही. तिघे पुरुष म्हणतात, आम्ही एकेक तृतीयांश बाप. सोफी म्हणते, चालेल. फ्रिडाला असं हसून सोडून देता आलं असतं का?

मी : नसतं आलं. तिच्याकडे आई नव्हती. सोफीकडे आहे. मला वाटतं सिनेमाचं सगळं वजन तिथं आहे, बाप कोण यात नाही. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' बघताना तू मोबाइल खाली ठेवला होतास, मी पाहिलं.

भाचा : ठेवला होता. ते गाणं ब्यॉर्ननं लेक शाळेत जाताना बघून लिहिलेलं. आणि गायली त्या लेकीची आई, अग्नेथा.

मी : आणि सिनेमानं ते लग्नाच्या सकाळी ठेवलं. आई लेकीचे केस विंचरते, नखं रंगवते. शब्द शाळेच्या दप्तराचे आहेत, समोर लग्नाचा पोशाख आहे. शब्द आणि चित्र जुळत नाहीत, आणि ते न जुळणं हेच आईच्या मनातलं आहे. शब्द बदलता येत नाहीत म्हणून हे घडलं. नवं गाणं लिहिलं असतं तर लेखकानं लग्नाचंच लिहिलं असतं.

भाचा : हे एक मी देतो तुला. खरंच देतो. पण मग मला सांग, मूळ आवाजाचं काय? 2022 पासून लंडनमध्ये 'ॲबा व्हॉयेज' चालू आहे. चौघांनी स्टॉकहोममध्ये पाच आठवडे सेन्सरचे पोशाख घालून गाणी केली, त्यावरून त्यांचे 1979 सालचे देह पडद्यावर उभे केले. आवाज त्यांचेच, पुढं बँड जिवंत. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक मार्ग. गाणं ज्याचं त्याच्याकडे राहतं.

मी : गाणं राहतं, पण वय काढून घेतलं जातं. सत्तरी गाठलेली माणसं इतकं राबली, आणि आपल्याला दिसतात ती तिशीतली! स्ट्रीपच्या गळ्यावरच्या शिरा दिसतात, पलंगावर उडी मारताना तिचे गुडघे दिसतात. मला 'डान्सिंग क्वीन' अशा शरीरातून हवं आहे.

भाचा : मग 2021 चा त्यांचा अल्बम पुन्हा ऐक. चाळीस वर्षांनी केलेली नवी गाणी. 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'मध्ये फ्रिडा गाते, पंच्याहत्तरीच्या आसपासची. आवाज खाली उतरला आहे, काठ खरखरीत झालेत, आणि बेनीनं ते लपवलेलं नाही. म्हातारपण हवं ना तुला? ते त्यांच्याच आवाजात आहे. त्यासाठी हॉलिवुडच्या नटांची गरज नाही.

मी : ऐकलंय, आणि रडलेही आहे. पण ते त्यांचं म्हातारपण. धक्क्यावर ज्या नाचतात त्या माझ्यासारख्या, ज्यांनी ॲबाला कधी डोळ्यांनी बघितलं नाही आणि तरी ही गाणी स्वयंपाक करताना म्हटली. त्यांनाही या गाण्यांत जागा हवी.

भाचा : हवी असेल तर निदान त्या बायकांना नावं तरी द्यायला हवी होती.

मी : हो. द्यायलाच हवी होती.